वाडा पाडण्याआधी त्याचे चित्र काढू या

दांडिया बाजारातील जुने वाडे हळूहळू कमी होत आहेत. ते पाडणाऱ्या कुटुंबांना आम्ही दोष देणार नाही. तुळयांना वाळवी लागते, दरसाल कौले चाळावी लागतात, वडीलधाऱ्यांना जिना चढवत नाही. आणि वाटेकरी दहा झाले की खर्च कोणी करायचा हा प्रश्न सुटत नाही. सगळे वाडे वाचवणे आपल्या हाती नाही. पण पाडण्याआधी त्यांची चित्रे काढून ठेवणे नक्कीच आपल्या हाती आहे.

१९४० साली, महायुद्ध चालू असताना, ब्रिटनमध्ये केनेथ क्लार्क यांच्या पुढाकाराने 'रेकॉर्डिंग ब्रिटन' ही योजना सुरू झाली. बाँबहल्ल्यांनी किंवा नव्या बांधकामांनी जी ठिकाणे नाहीशी होतील अशी भीती होती, ती चित्रकारांकडून रंगवून घेण्यात आली. त्यांत साधी घरे आणि दुकानेही होती. दीड हजारांहून अधिक चित्रांचा तो संग्रह आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

आपल्याला तर इतके दूर जायलाही नको. १८४९ ते १८५४ या काळात बडोद्याचे दिवाण असलेले भाऊ तांबेकर यांचा वाडा आपल्या शेजारीच आहे. पुरातत्त्व खात्याने तो जतन केला आहे. त्याच्या भिंतींवर कृष्णकथा आहेत, लढाया आहेत, युरोपीय पोशाखातल्या स्त्रियाही आहेत. एकोणिसाव्या शतकातले बडोदेकर काय पाहत होते, हे त्या चित्रांमुळेच आपल्याला दिसते.

कोणी म्हणेल, मोबाइलवर फोटो काढला की काम झाले. फोटोही अवश्य काढावा. पण चित्र काढणाऱ्या मुलाला दोन तास समोर बसावे लागते, खांब मोजावे लागतात, आणि 'याला काय म्हणतात?' असे घरातल्या आजींना विचारावे लागते. दिंडी, देवडी, ओसरी, माजघर, कडीपाट, कोनाडा हे शब्द आपल्या मुलांना पुस्तकात भेटतात. ती वस्तू मात्र पाहायला मिळत नाही. गुजरातेत पिढ्यान्‌पिढ्या मराठी टिकवणाऱ्या आपल्यासारख्यांना हे नुकसान परवडणारे नाही. वाड्याबरोबर हे शब्दही जातील.

म्हणून आमची सूचना अशी : प्रत्येक वर्गाने वर्षाला एक घर निवडावे. घरमालकांची परवानगी घ्यावी, रहदारीपासून दूर बसावे आणि शक्यतो शिक्षक किंवा पालक सोबत असावेत. चित्राखाली तारीख, जागा आणि प्रत्येक भागाचे मराठी नाव लिहावे. एक प्रत त्या कुटुंबाला द्यावी, दुसरी शाळेत राहावी. विश्वस्तांनी त्यासाठी ग्रंथालयातले एक कपाट मोकळे करून द्यावे, एवढीच विनंती.

चित्र फार सुबक नसले तरी चालेल. खांब मात्र बरोबर मोजलेले असावेत.