नाव फोर्ब्सचे, धनी कोण?

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाणी घेऊन निघालेल्या आगगाड्या मुरुडवरून लातूरकडे जाऊ लागल्या, तेव्हा पाण्याचे मोल ह्या भागाला कोणी समजावून सांगण्याची गरज उरली नव्हती. पाणी मिळण्याची विवंचना जेवढी मोठी, तेवढीच ते पिण्याजोगे आहे की नाही ह्याची. अशा मुलखातील शिक्षक वा कारकून पगारातून पैसे बाजूला काढून पाणी शुद्ध करण्याचे यंत्र घेतो, तेव्हा त्या यंत्राच्या अंतरंगातले त्याला फारसे कळत नसते. तो नाव पाहतो. अनेक घरांत ते नाव ‘युरेका फोर्ब्स’ असते. परंतु हे फोर्ब्स कोण, असे सहसा कोणी विचारीत नाही.

मूळ फोर्ब्स स्कॉटलंडमधील ॲबर्डीनशायरचे. जॉन फोर्ब्स ह्याने १७६७ मध्ये मुंबईत पेढी काढली. त्याचा पुतण्या सर चार्ल्स ह्याच्या काळात ती ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारलाही कर्ज देऊ शकेल इतकी बलाढ्य झाली. मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये सर चार्ल्सचा पुतळा आहे. पुढे बेळगाव जिल्ह्यातील गोकाकची सूतगिरणी ह्याच पेढीच्या व्यवस्थापनाखाली होती. कालांतराने पेढीत कॅम्पबेल हे नाव जोडले गेले, फोर्ब्स घराण्याचा संबंध सुटला, पेढी टाटांकडे व त्यानंतर शापूरजी पालनजींकडे आली. १९८२ मध्ये स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्सशी भागीदारी होऊन दारोदार फिरणाऱ्या विक्रेत्यांची ‘युरेका फोर्ब्स’ जन्मली. २०२२ मध्ये तिची मालकी ॲडव्हेंट ह्या अमेरिकी गुंतवणूकसंस्थेकडे गेली. इतकी स्थित्यंतरे झाली. पाटीवरचे ‘फोर्ब्स’ मात्र ढळले नाही.

बरे, हे एकच फोर्ब्स असते तरी हरकत नव्हती. श्रीमंतांच्या याद्या छापणारे ‘फोर्ब्स’ मासिक १९१७ मध्ये अमेरिकेत निघाले. त्याचा संस्थापकही ॲबर्डीनशायरचाच, पण मुंबईच्या पेढीशी त्याचा संबंध नाही. त्या मासिकाचीही बहुतांश मालकी २०१४ मध्ये हाँगकाँगच्या गुंतवणूकदारांकडे गेली. पुण्याची ‘फोर्ब्स मार्शल’ वाफेची उपकरणे करते. तेथील फोर्ब्स हे पारशी कुटुंब. बिहारमध्ये एका फोर्ब्सच्या नावाने वसलेले गाव लोकांच्या तोंडी ‘फारबिसगंज’ होऊन बसले आहे. फणीश्वरनाथ रेणूंच्या वाचकांना ते परके नाही. आणि अलेक्झांडर किनलॉक फोर्ब्स ह्या अधिकाऱ्याने गुजरातचा इतिहास ‘रासमाला’ ह्या ग्रंथात मांडला. १८६५ मध्ये मुंबईत स्थापन झालेली गुजराती सभा पुढे त्याच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. आमच्या मते ह्या सर्वांत अस्सल वापर हाच. तेथे नाव विकत घेतलेले नाही, ते लोकांनी कृतज्ञतेने दिले आहे.

मुंबईच्या फोर्ट भागातील फोर्ब्स स्ट्रीटचे डॉ. व्ही. बी. गांधी मार्ग असे नामांतर झाले. आमच्या मराठवाड्यात तर नावांवरून वर्षानुवर्षे वाद झडले. २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर व उस्मानाबादचे धाराशिव झाले. गावाच्या पाटीविषयी आपण एवढे दक्ष असतो. मग स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगलेल्या पाटीविषयी इतके उदासीन का?

जुने नाव चालवणे हा गुन्हा नव्हे. नावलौकिक ही व्यापारातील मालमत्ताच आहे, आणि ती विकत घेणारा तिच्यासाठी दाम मोजतो. नवा धनी माल अधिक चांगलाही करील. तथापि अडीचशे वर्षांची पुण्याई सांगून माल खपवायचा आणि धनी बदलला हे केवळ शेअरबाजाराला कळवायचे, ही रीत ग्राहकाला न्याय देणारी नाही. वेष्टनावर उत्पादकाचे नाव व पत्ता छापण्याचे बंधन कायद्याने आजही आहे. त्यात आणखी एका ओळीची भर घालावी: कंपनीची बहुतांश मालकी कोणाकडे आणि कोणत्या वर्षापासून. ती ओळ वरच्या नावाइतक्याच ठळक अक्षरांत, आणि मराठीत हवी. ‘एवढे वाचतो कोण?’ असे व्यापारी म्हणतील. यंत्राची किंमत पगाराच्या हिशेबात बसवताना जो तीनदा आकडेमोड करतो, तो वाचील.