जिंकेल कोण, जिंकावं कोणी

फजरची अजान आणि ऑस्करचा सोहळा एकाच वेळी सुरू झाला, त्या सकाळची आठवण आमच्या घरात अजून निघते. तारीख १३ मार्च २०२३, वार सोमवार. तिकडे लॉस एंजेलिसला रविवारची संध्याकाळ आणि इकडे चिपळूणला पहाटेचे साडेपाच. शाबान चालू होता, रमजान दहा-बारा दिवसांवर आला होता. एरवी तीन हाका मारल्याशिवाय न उठणारा आमचा धाकटा पाचलाच तोंड धुऊन टीव्हीसमोर बसला होता. दादींनी (म्हणजे आमच्या अम्मींनी, मुलांमुळे आम्हीही त्यांना दादीच म्हणू लागलो आहोत) हातातली तस्बीह न थांबवता निकाल दिला, "आधी मशीद. मग तुमचं ते काय असेल ते."

आम्ही बापलेक जमातीला गेलो. नमाज झाल्यावर धाकटा दुआला नेहमीपेक्षा जास्त वेळ बसला. काय मागत होता ते आम्हाला ठाऊक होतं.

हा खेळ आमच्याकडे मुलांनी लॉकडाऊनमध्ये सुरू केला. ऑस्करची तेव्हा २३ पारितोषिकं असत. प्रत्येकाने आदल्या रात्री कागदावर २३ नावं लिहायची, घडी घालून बिस्किटांच्या डब्यात टाकायची आणि सकाळी टीव्ही बघत बरोबर-चूक करत जायचं. जास्त नावं ज्याची जुळली तो जिंकला. दोहाचे मामूही यात असतात, त्यांचा कागद व्हॉट्सॲपवर येतो. प्रत्येकाने पन्नास रुपये काढावेत आणि सगळे विजेत्याला द्यावेत ही मूळ कल्पना त्यांचीच. दादींनी ती तिथल्या तिथे मोडून काढली. "पैसे लावले की जुगार. पन्नास काय आणि पन्नास हजार काय." मामू फोनवरून म्हणाले, "अहो, घरातल्या घरात गंमत." दादी म्हणाल्या, "जुगार घरातच शिकतात." सूरा माइदामध्ये जुगाराला दारूच्या शेजारी बसवलं आहे, तिथे रक्कम किती याचा उल्लेख नाही, हे आम्हालाही मान्य करावं लागलं. शेवटी आमच्या मोहल्ल्यातल्या मौलानांनी मार्ग सांगितला. खेळणाऱ्यांच्या खिशातून काही जायला नको. न खेळणाऱ्या माणसाने खुशीने बक्षीस दिलं तर हरकत नाही. घरात न खेळणाऱ्या फक्त दादी. तेव्हापासून बक्षीस म्हणजे दादींच्या हातची फिरनी, विजेत्याला दोन वाट्या, बाकीच्यांना एक. दोहाची वाटी आम्ही खातो.

थोरली कॉलेजात संख्याशास्त्र शिकते. तिचा कागद म्हणजे हिशेब. ती सांगते, २०२३ मध्ये ऑस्करची मतं देणारे सभासद साडेनऊ हजारांच्या आसपास होते आणि ते सिनेमातलेच लोक आहेत: नट, दिग्दर्शक, निर्माते, ध्वनी आणि संकलनवाले. हेच लोक आपापल्या संघटनांमधूनही जानेवारी-फेब्रुवारीत पारितोषिकं देतात. ती बघितली की ऑस्करचा वारा कळतो. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं मतदान तर आणखी वेगळं. दहा चित्रपटांना पसंतीक्रम द्यायचा. सर्वात कमी मतांचा चित्रपट बाद झाला की त्याची मतं पुढच्या पसंतीकडे जातात, असं एकाला निम्म्याहून अधिक मतं पडेपर्यंत चालतं. हे ऐकून आमच्या बेगम म्हणाल्या, "म्हणजे थोड्यांचा पहिला नंबर आणि बाकी सगळ्यांचा दुसरा असला तरी निभावतं. सुनेचं असंच असतं." दादींना ते ऐकू गेलं नाही, किंवा गेलं असेल.

धाकट्याचा कागद हिशेबाचा नसतो. सातवीतल्या मुलाचा असतो तसा असतो. त्या वर्षी त्याचा जीव अडकला होता एकाच नावात, 'ऑल दॅट ब्रीद्स'. शौनक सेन यांचा माहितीपट, दिल्लीतल्या दोन भावांवरचा. नदीम शहजाद आणि मोहम्मद सौद हे वजीराबादमध्ये राहतात. दिल्लीच्या आकाशात घारी फार. पतंगाच्या मांजाने पंख कापले जाऊन त्या खाली पडतात. लहानपणी या भावांनी एक जखमी घार पक्ष्यांच्या दवाखान्यात नेली, तर मांसाहारी पक्षी आम्ही घेत नाही म्हणून तिला परत पाठवलं. तेव्हा त्यांनी स्वतःच उपचार सुरू केले. पोटापाण्यासाठी हात धुण्याच्या साबणाच्या बाटल्या बसवायची यंत्रं बनवायची आणि त्याच तळघरात खोक्यांतून घारी ठेवायच्या, त्यांना खिमा भरवायचा, पंख बांधायचे. घारींना गोश्त घातलं की सवाब मिळतो, बला टळते, अशी समजूत दिल्लीत आहे. आपल्याकडेही सदक्याचं गोश्त उतरवून छपरावर टाकणारे आहेतच. त्या समजुतीला शरियतमध्ये किती आधार आहे हा प्रश्न वेगळा. पण तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याला माफी मिळाल्याची हदीस आपल्या सगळ्यांना पाठ असते, आणि इथे दोन माणसं वर्षानुवर्षं तेच करत होती.

हा माहितीपट २०२२ साली अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात पहिला आला, त्याच वर्षी कान महोत्सवातही त्याला माहितीपटांचं मोठं पारितोषिक मिळालं. आम्ही मात्र तोवर तो बघितलेला नव्हता. धाकट्यानेही नाही. त्याने फक्त बातमी आणि झलक बघितली होती. पेपरातलं कात्रण तो दादींना वाचून दाखवत होता. नदीम, सौद, त्यांच्याबरोबर काम करणारा सालिक रहमान, अशी नावं वाचून झाली आणि तो म्हणाला, "दादी, बघा ना. नावं आपल्यासारखी आहेत आणि बातमी चांगली आहे."

यावर कुणी काही बोललं नाही. बेगम स्वयंपाकघरात गेल्या.

मशिदीतून परत आलो तेव्हा दोन-तीन पारितोषिकं होऊन गेली होती. टीव्हीवर गालिचाही मधूनमधून दाखवत होते. दरवर्षी लाल असतो, त्या वर्षी फिकट बदामी होता. दादी म्हणाल्या, "या रंगावर डाग दिसणार." थोरली कागदावर खुणा करत होती, आणि धाकट्याने मागून डोकावून तिचा कागद वाचला. माहितीपटाच्या रकान्यात तिने लिहिलं होतं 'नवाल्नी'. रशियातले विरोधी नेते अलेक्सी नवाल्नी, ज्यांच्यावर विषप्रयोग झाला, त्यांच्यावरचा माहितीपट. थोरली शांतपणे म्हणाली, "ब्रिटनचं बाफ्टा त्यालाच मिळालंय. तोच येणार."

"आपा, तू गद्दार आहेस!" धाकटा ओरडला.

त्यावर आम्ही जे ओरडलो ते त्याच्यापेक्षा चौपट मोठ्याने. मुलाचं रडं घशाशी आलं. थोरलीही दचकली. सकाळच्या त्या वेळी घरात एवढा आवाज बरा नव्हे, आणि गुन्ह्याच्या मानानेही तो जास्तच होता. पण तो शब्द आमच्या कानांना वेगळ्या ठिकाणाहून ऐकू आला होता.

एप्रिल १९८६. आम्ही सहावीत होतो. शारजामध्ये भारत-पाकिस्तान अंतिम सामना होता. आदल्या दिवशी वर्गात पैजा चालल्या होत्या, एकाने आम्हाला विचारलं, "तुला काय वाटतं, कोण जिंकेल?" आम्हाला क्रिकेटचं वेड. इम्रान, वसीम अक्रम, मियांदाद, सगळ्यांचे आकडे तोंडपाठ. हिशेब केला आणि सांगून टाकलं, पाकिस्तान. १८ एप्रिलला शेवटच्या चेंडूवर चार धावा हव्या असताना मियांदादने चेतन शर्माला षटकार मारला. दुसऱ्या दिवशी शनिवारची सकाळची शाळा. आमच्या बाकावर खडूने एक शब्द लिहून ठेवला होता. धाकट्याने उच्चारला तोच.

आदल्या संध्याकाळी तो षटकार गेला तेव्हा आम्ही जेवलो नव्हतो. पण भारत जिंकावा असं तुला वाटतं का, हे कुणी विचारलंच नव्हतं. विचारलं होतं, कोण जिंकेल. त्या दिवसानंतर आम्ही उत्तर बदललं. आठ गडी बाद असोत आणि शंभर धावा हव्या असोत, कुणी विचारलं की भारत. कॉलेजात, नोकरीत, सलूनमध्ये, रेल्वेच्या डब्यात. हिशेब मनातल्या मनात करायचा आणि ओठांवर ठरलेलं उत्तर. इतकी वर्षं हे बेगमनाही सांगितलं नव्हतं. त्या सकाळी, टीव्हीचा आवाज बंद करून, ते सांगितलं.

धाकटा म्हणाला, "मग आपाने खरं लिहिलं ते बरोबर?" आम्ही म्हटलं, "बरोबर." तो म्हणाला, "पण तिला वाटतं का, आपला जिंकावा म्हणून?" थोरली म्हणाली, "वेड्या, वाटतं रे. तू विचारलंस कुठे?"

तेवढ्यात माहितीपटाचं पारितोषिक द्यायला रिझ अहमद आले. आदल्याच वर्षी त्यांना स्वतःला लघुपटासाठी ऑस्कर मिळालेलं. ते दिसताच धाकट्याने पुन्हा हात उचलले. पाकीट फुटलं, 'नवाल्नी'.

दादींनी विचारलं, "ती कोण उभी आहे?" थोरली म्हणाली, "त्यांची बायको, युलिया. नवाल्नी तिकडे तुरुंगात आहेत." दादींची तस्बीह थांबली. "नवरा कैदेत आहे आणि ही इथे उभी राहून बोलते आहे?" त्यांनी धाकट्याला जवळ ओढलं. "मग तिलाच मिळालं ते बरं झालं. त्या भावांना घारी आहेत."

बाकीची सकाळ भराभर गेली. भारताला त्या दिवशी दोन पारितोषिकं मिळाली. हत्तींच्या पिल्लांवरच्या 'द एलिफंट व्हिस्परर्स'ला लघु माहितीपटाचं आणि 'आरआरआर'मधल्या 'नाटू नाटू'ला मूळ गाण्याचं. गाणं मंचावर झालं तेव्हा धाकटा नाचला, म्हणजे दुःख फार खोल नव्हतं. 'एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल ॲट वन्स'ने सात पारितोषिकं नेली आणि थोरली पहिली आली. फिरनीची दुसरी वाटी तिने अर्धी धाकट्याला दिली. शाळेला तो उशिरा पोहोचला.

काही महिन्यांनी आम्ही सगळ्यांनी 'ऑल दॅट ब्रीद्स' बघितला. धाकट्याला वाटलं होतं, दोन शूर भाऊ आणि घारींची उड्डाणं असतील. निघालं भलतंच संथ. उकिरड्यावरचे उंदीर, धूर, तळघरात शिरणारं पाणी, पैशांची ओढाताण, भावांची आपसातली कुरबुर, आणि मागे कुठेतरी २०१९-२० ची अस्वस्थ दिल्ली. घार सालिकचा चष्मा पळवते तिथे मात्र तो खदखदून हसला. शेवटी म्हणाला, "मला आवडला. पण हा जिंकला नसताच." आम्हाला तो सनडान्सच्या परीक्षकांइतकाच आवडला, आणि न जिंकण्याबद्दलचं त्याचं मतही पटलं.

२०२४ च्या फेब्रुवारीत नवाल्नी तुरुंगातच वारल्याची बातमी आली. क्लासवरून येऊन धाकट्याने ती सर्वात आधी दादींना सांगितली. दादींनी विचारलं, "आणि ती बाई?"

त्या वर्षी बेगमनी खेळात सुधारणा केली. कागदावर दोन रकाने, एक 'जिंकेल', दुसरा 'जिंकावं'. गुण फक्त पहिल्याला, पण दुसरा रिकामा ठेवायचा नाही. सोहळा ११ मार्चला होता, आणखी एक तास लवकर, पहाटे साडेचारला. त्याच संध्याकाळी रमजानचा चाँद दिसला. माहितीपटांत त्या वर्षीही एक आपल्याकडचा विषय होता, 'टू किल अ टायगर', निशा पाहुजा यांचा. झारखंडमधल्या शेतकरी बापाने मुलीला न्याय मिळवून देण्यासाठी दिलेल्या लढ्याचा. समोर युक्रेनचा '२० डेज इन मारियुपोल'. धाकट्याने 'जिंकेल'मध्ये मारियुपोल लिहिलं, 'जिंकावं'मध्ये टायगर. थोरलीचंही तेच. मारियुपोलच जिंकला.

डबा उघडून थोरली सगळ्यांचे कागद तपासत होती. आमचा कागद तिने दोनदा उलटसुलट केला.

"अब्बा, तुम्ही दोन्हीकडे टायगरच लिहिलंय."

आम्ही म्हटलं, "घाईत लिहिलं असेल." तिने आमच्याकडे एकदा बघितलं, पहिल्या रकान्यावर फुली मारली आणि पुढचा कागद उघडला.