रात्रीचं जेवण घरचं, आणि घरातल्या सगळ्यांच्या हातचं

ठाण्यापासून बदलापूर-टिटवाळ्यापर्यंतच्या नोकरदार कुटुंबांना जाहीर आवाहन



रोज लोकलने मुंबईला जाणाऱ्या आणि रात्री ठाणे, डोंबिवली, कल्याण, अंबरनाथ, बदलापूर, टिटवाळ्याला परतणाऱ्या सगळ्यांसाठी हे पत्र आहे. सीएसएमटीपासून कल्याण ५४ किलोमीटर, बदलापूर ६८ किलोमीटर. सहाला ऑफिस सुटलं तरी गाडी, गर्दी आणि रिक्षाची रांग पार करून घराचं दार गाठेपर्यंत आठ वाजून जातात. मुलं क्लासवरून भुकेली आलेली असतात, ओट्यावर सकाळची भांडी असतात आणि भाजी आणायची राहिलेली असते. अशा वेळी स्टेशनबाहेरच्या गाडीवरचा शेजवान राइस किंवा मोबाइलवरून मागवलेला पिझ्झा जवळचा वाटतो. यात कुणाचाही आळस नाही. बारा-तेरा तास घराबाहेर काढलेल्या माणसाला दोष देण्याचा अधिकार कुणालाच नाही, मलाही नाही.

तरीही एक कळकळीची विनंती आहे. सोमवार ते शुक्रवार या पाच रात्रींपैकी किमान चार रात्री जेवण घरी शिजवा. आणि ते शिजवण्याचं काम घरातल्या प्रत्येकाने वाटून घ्या. या विनंतीचा दुसरा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. तो सोडला, तर पहिला भाग आठवडाभरही टिकणार नाही.

हे आत्ताच का?

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२४ साली भारतीयांसाठी आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. देशातल्या एकूण आजारांच्या ओझ्यापैकी ५६.४ टक्के ओझं चुकीच्या आहाराशी जोडलेलं आहे, असं त्यात नमूद केलं आहे. त्याआधी २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेह असलेल्या भारतीयांची संख्या १० कोटींहून अधिक आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांची १३ कोटी ६० लाख असल्याचा अंदाज मांडला गेला. आपल्या इमारतीच्या एकेका मजल्याचा विचार करून पाहा. चाळिशीच्या आत रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी सुरू झालेलं माणूस बहुतेक प्रत्येकाच्या ओळखीत आहे.

रात्रीच्या बाहेरच्या जेवणाचा यात वाटा कसा, हे एका ताटलीवरून कळतं. फ्राइड राइस किंवा नूडल्समध्ये भात किंवा मैदा भरपूर, तेल भरपूर, भाजी चवीपुरती आणि डाळ-कडधान्य अजिबात नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की मोठ्या माणसाने दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे छोट्या चमचाभराहून कमी मीठ खावं. एका मोठ्या चमचाभर सोया सॉसमध्ये सुमारे ९०० मिलिग्रॅम सोडियम असतं, म्हणजे सव्वादोन ग्रॅम मीठ त्यातच आलं. वरून घातलेलं मीठ, अजिनोमोटो आणि शेजवान चटणी वेगळी. तळणीच्या तेलाचाही प्रश्न आहे. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलात अपायकारक घटक वाढत जातात. त्यांचं प्रमाण २५ टक्क्यांपुढे गेलेलं तेल वापरू नये, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम जुलै २०१८ पासून लागू आहे. पण आपल्यासमोरच्या कढईतलं तेल कितव्या वेळेचं आहे, हे गिऱ्हाइकाला कळायला मार्ग नाही. स्वतःच्या घरातल्या कढईचं मात्र आपल्याला नक्की ठाऊक असतं.

गाडीवाल्यांशी माझं भांडण नाही. त्यांचीही कुटुंबं त्या गाडीवर चालतात, आणि शनिवारी संध्याकाळी मुलांना घेऊन तिथे जरूर जावं. कधीतरी आवडीने खाण्याचा पदार्थ आठवड्यातून तीन-चार वेळा पोट भरण्याचं साधन होतो, तिथून बिघाड सुरू होतो.

वेळ कमी आहे, आणि तो एकीच्याच वाट्याला आहे

‘घरी स्वयंपाक करा’ असं म्हटलं की बहुतेक घरांत त्याचा अर्थ ‘तिने करावा’ असा घेतला जातो. २०२४ च्या राष्ट्रीय वेळवापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात. जे पुरुष घरकाम करतात, त्यांची सरासरी ८८ मिनिटं आहे. आणि अजिबात न करणारे पुरुष तर या सरासरीत धरलेलेच नाहीत.

संध्याकाळच्या लोकलच्या लेडीज डब्यात पाहा. कुणी मांडीवर पिशवी पसरून मेथी निवडत असते, कुणी मटार सोलत असते, कुणी शेंगांच्या शिरा काढत असते. बसायला जागा मिळाली की या बायकांचा स्वयंपाक घाटकोपर-मुलुंडच्या आसपासच सुरू होतो. त्यांच्या कष्टांचं कौतुक पुष्कळ होतं, पण कौतुकाने ओझं हलकं होत नाही. मटार सोलणारे हात जेंट्स डब्यातही आहेत. बंधूंनो, भाजीची एक पिशवी तुमच्याही मांडीवर येऊ द्या. जो आधी घरी पोचेल त्याने कुकर लावायचा, हा एक नियम घरात ठरला तरी निम्मं काम होतं.

मुलांनाही यात घ्या. आठ-नऊ वर्षांचं मूल काकडी-गाजर धुऊन देऊ शकतं, शेंगा सोलू शकतं, ताटं मांडू शकतं. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला आणि मुलीला, दोघांनाही, वरण-भात लावता आलाच पाहिजे. उद्या शिक्षणासाठी पुण्याला किंवा बंगळुरूला गेल्यावर ही शिदोरी त्यांना जन्मभर पुरेल. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांची मदत जरूर घ्या, पण सगळा भार त्यांच्यावर ढकलू नका.

पाच रात्री, पाच साधे बेत

आठवड्याच्या रात्री चारी ठाव स्वयंपाकाचा आग्रह सोडून द्या. पोळी, दोन भाज्या, आमटी, भात, कोशिंबीर हे रविवारचं ताट. इतर रात्री एक मुख्य पदार्थ, सोबत एक कच्चं काहीतरी आणि दही किंवा ताक एवढं पुरे आहे. हा एक नमुना पाहा.

सोमवार: मूगडाळीची खिचडी. एक वाटी तांदूळ, पाऊण वाटी डाळ, हाताशी असेल ती चिरलेली भाजी, साडेचार वाट्या पाणी, वरून जिरे-हिंगाची फोडणी. तीन शिट्ट्या काढाव्यात. मूगडाळ भिजवावी लागत नाही, हे तिचं मोठेपण. कुकर उतरेपर्यंत गाजर किसून दाण्याचं कूट आणि लिंबू घालून कोशिंबीर होते.

मंगळवार: पिठलं आणि भाकरी किंवा भात. वाटीभर बेसन तीन वाट्या पाण्यात गुठळ्या न होऊ देता कालवायचं आणि कांदा-लसूण-मिरचीच्या फोडणीत ओतून झाकणाखाली वाफ काढायची. सोबत कांदा किंवा मुळा.

बुधवार: अंडा भुर्जी आणि पोळी. अंडी न खाणाऱ्यांनी मूगडाळ घालून मेथीची किंवा कोबीची भाजी करावी.

गुरुवार: भाजणीचं थालीपीठ. भाजणीत धान्यं आणि डाळी दोन्ही असतात. त्यात कांदा, कोथिंबीर, किसलेला दुधी किंवा काकडी घातली की भाजीही पोटात जाते. सोबत लोण्याऐवजी दही.

शुक्रवार: मोड आलेल्या मटकीची उसळ. बुधवारी रात्री मटकी भिजत घालावी, गुरुवारी सकाळी उपसून फडक्यात बांधावी. शुक्रवारपर्यंत मोड येतात. जमलं नाही तर बाजारात मोड आलेली कडधान्यं मिळतात, ती घ्यावीत.

यातला कोणताही बेत सरावाने अर्ध्या-पाऊण तासात ताटात येतो. घरी बसून मागवलेलं जेवण दारात यायलाही बऱ्याचदा तेवढाच वेळ लागतो.

रविवारी मिळून तासभर काढलात तर आठवडा आणखी हलका जातो. लसूण सोलून ठेवावा, दाण्याचं कूट करावं, कोथिंबीर-मिरच्या निवडून कोरड्या डब्यात घालाव्यात, कांदा-टोमॅटो परतून त्याचा मसाला फ्रीजमध्ये ठेवावा. भाज्या मात्र फार आधी चिरू नयेत. शिजवलेला भात रात्रभर ओट्यावर ठेवू नये. उरला तर लवकर फ्रीजमध्ये जाऊ द्यावा आणि दुसऱ्या दिवशी नीट वाफवून संपवावा.

एक सावधगिरीही सांगायला हवी. घरचं जेवण आपोआप आरोग्याचं ठरत नाही. तेलाची तर्री, रोजचं लोणचं आणि दोन-दोन पापड घरातही नुकसानच करतात. राष्ट्रीय पोषण संस्थेने दिवसाला २,००० कॅलरींच्या आहारात सुमारे २७ ग्रॅम तेल-तूप आणि ४०० ग्रॅम भाजी सुचवली आहे. या हिशेबाने चौघा मोठ्या माणसांच्या घराला महिन्याला साधारण साडेतीन लिटर तेल-तूप लागायला हवं. या महिन्याचं वाण्याचं बिल काढून आपल्या घरात किती येतं, ते एकदा पडताळून पाहा.

पोळी-भाजी केंद्राची मदत घ्यायला लाजू नका

प्रत्येक पोळी आपल्याच तव्यावर भाजली पाहिजे, असा हट्ट नको. मुंबईत घरगुती अन्न पुरवण्याची फार जुनी व्यवस्था आहे. डबेवाले १८९० पासून घरचा डबा कामाच्या जागी पोचवत आले आहेत. गिरणगावातल्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. आपल्या डोंबिवली-कल्याणमधली पोळी-भाजी केंद्रं त्याच वाटेवरची आहेत. येताना दहा पोळ्या किंवा चार भाकऱ्या तिथून घ्या आणि उसळ-भाजी घरी करा. पैसे शेजारच्याच एखाद्या कष्टाळू बाईच्या हाती पडतात आणि घरातलं सर्वांत वेळखाऊ काम वाचतं.

केंद्रचालक भगिनींनाही विनंती: ज्वारी-बाजरीची भाकरी रोज ठेवा, भाजीत तेल बेताचं घाला, आणि बटाट्यासोबत एक पालेभाजी किंवा कडधान्य असू द्या. आम्ही गिऱ्हाईक ते आवर्जून मागू.

कुणाकडून काय हवं

घर एकटं ही लढाई जिंकू शकत नाही. म्हणून काही मागण्या घराबाहेरच्यांकडेही आहेत.

ऑफिसांतल्या साहेबांना: साडेपाचनंतर मीटिंग लावू नका. वीस मिनिटं उशिरा सुटलेल्या माणसाची नेमकी गाडी चुकते आणि पुढे त्याच्या घरातलं जेवण चुकतं.

क्लासचालकांना: संध्याकाळी सहा ते नऊ वर्ग असतील तर मध्ये पंधरा मिनिटांची डब्याची सुट्टी द्या. भुकेलं मूल वर्ग सुटल्यावर गाडीकडेच धावणार. २०१७ साली राज्य सरकारने शाळांच्या उपाहारगृहांतून जंक फूडला मज्जाव केला. मूल रोजचे तीन तास जिथे काढतं, त्या क्लासने तेवढी काळजी स्वतःहून घ्यावी.

सोसायट्यांच्या कार्यकारिणींना: शेतकऱ्यांच्या आठवडे बाजारासाठी रविवारी सकाळी आवारात जागा द्या. महिन्यातून एकदा क्लब हाउसमध्ये स्वयंपाकाचं शिक्षण ठेवा, आणि तिथे विशेष करून पुरुषांना आणि एकट्याने भाड्याने राहणाऱ्या तरुण मुलांना बोलवा. कुकर लावणं, कणीक मळणं, फोडणी करणं एवढं तीन बैठकांत येतं. शिकवायला आपल्याच इमारतीतले काका-काकू पुढे येतील.

शेजाऱ्यांना: दोन-तीन घरांनी वार वाटून घ्या. एका घरी उसळ जास्तीची झाली तर दुसऱ्या घरी त्या रात्री फक्त भात लागेल. घरात आजारपण, परीक्षा, बाळंतपण असेल तेव्हा ही देवाणघेवाण फार मोठा आधार ठरते.

सुरुवात येत्या सोमवारी

पाचही रात्री एकदम जमणार नाहीत. पहिल्या आठवड्यात दोन, दुसऱ्यात तीन, महिन्याअखेरीस चार, एवढं ठरवा. एखाद्या रात्री पाऊस पडेल, गाड्या बंद पडतील, अंगात त्राण उरणार नाही. त्या रात्री बाहेरचं खा आणि मनाला लावून घेऊ नका. दुसऱ्या दिवशी कुकर पुन्हा लावा.

येत्या रविवारी सगळे घरी असताना एक कागद घ्या. त्यावर पाच वार लिहा, प्रत्येक वारापुढे एक पदार्थ लिहा, आणि प्रत्येक पदार्थापुढे तो करणाऱ्याचं नाव लिहा. पाचही वारांपुढे एकच नाव येत असेल, तर तो कागद फाडून नव्याने लिहा. सगळ्यांची नावं आलेला कागद फ्रीजवर लावा आणि सोमवारी त्याप्रमाणे कामाला लागा. आपल्या जिन्यातल्या आणखी एका घराला हे पत्र वाचायला द्या.

आपली,
कल्याणची एक रहिवासी