दार बंद, वाट आकाशातून



गेल्या रविवारी आपल्या कोसाडच्या देवळाच्या आवारात मुले खेळत होती. इतक्यात आकाशातून एक हेलिकॉप्टर घरघरत गेले. खेळ जागच्या जागी थांबला व ते दिसेनासे होईपर्यंत सर्वांच्या माना वरच राहिल्या. मग एका चिमुरड्याने मला विचारले, "फादर, सैन्यातले मोठे साहेब यात पहिल्यांदा बसतात, तेव्हा त्यांनाही भीती वाटते का हो?"

प्रश्न बालसुलभ होता. परंतु त्यामुळे मला कोरियातील एका जुन्या हकीकतीची आठवण झाली. तीच आज आपणांस सांगतो.

कोरियातील तीन वर्षांचे युद्ध २७ जुलै १९५३ रोजी थांबले. पण एक गुंता शिल्लक राहिला. युद्धात धरलेल्या कैद्यांपैकी पुष्कळांना मायदेशी परतावयाचे नव्हते. दक्षिणेकडील पक्षाच्या ताब्यात असे चिनी व उत्तर कोरियन मिळून २२ हजारांहून अधिक कैदी होते. उत्तरेकडील पक्षापाशी ३५९ होते. या माणसांना दडपणाशिवाय आपला निर्णय करता यावा, म्हणून तोवर त्यांचा सांभाळ तटस्थ देशाच्या फौजेने करावा असे ठरले. हे अवघड काम भारताच्या वाट्यास आले. पाच राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्षपद जनरल थिमय्या यांजकडे होते, तर आपल्या फौजेचे सेनापती होते मेजर जनरल शंकरराव थोरात. थोरात हे कोल्हापूरकडचे, आपल्याच मराठी मातीतले. हे दोघे सेनानी १९४५ साली ब्रह्मदेशातील कंगॉच्या लढाईत एकाच ब्रिगेडमध्ये खांद्याला खांदा लावून लढले होते.

सप्टेंबर १९५३ मध्ये आपले जवान बोटींनी इंचॉन बंदराशी पोहोचले. समोर किनारा दिसत होता; परंतु उतरण्यास मनाई होती! दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांचा भारताच्या तटस्थपणावर विश्वास नव्हता. भारत कम्युनिस्टांच्या बाजूचा आहे असे त्यांचे मत होते, आणि एकाही भारतीय सैनिकाचे पाऊल आपल्या भूमीवर पडू द्यावयाचे नाही असा त्यांचा हट्ट होता. कैद्यांच्या छावण्या तर आत, दोन सैन्यांच्या मधल्या चार किलोमीटर रुंदीच्या निर्लष्करी पट्ट्यात होत्या. जावे तरी कसे?

अखेर अमेरिकन सैन्याने तोडगा काढला. आपले जवान 'पॉइंट क्रूझ' नावाच्या विमानवाहू जहाजावर आणण्यात आले व तेथून हेलिकॉप्टरने थेट त्या पट्ट्यात उतरविण्यात आले. अंतर पन्नास-साठ किलोमीटर, म्हणजे आपल्या कोसाड स्टेशनापासून भरूच आहे जवळजवळ तेवढेच. हेलिकॉप्टरमध्ये एका वेळी मोजकीच माणसे मावत. त्यामुळे हजारो जवानांसाठी ही ये-जा दिवसच्या दिवस चालली.

आता त्या चिमुरड्याच्या प्रश्नाकडे येऊ. आपल्या हवाई दलात पहिले हेलिकॉप्टर आले ते १९५४ साली. म्हणजे इंचॉनच्या समुद्रात ज्या यंत्रात आपले जवान चढले, त्या तऱ्हेचे यंत्र तेव्हा स्वदेशी सैन्यात एकही नव्हते. अधिकाऱ्यापासून आचाऱ्यापर्यंत बहुतेकांचा तो पहिलाच अनुभव असणार. त्या काळच्या त्या सिकोर्स्की यंत्राचे इंजिन नाकाशी असे, चालक वर उंचावर बसे, आणि सैनिक खालच्या डब्यात. डोक्यावर पाती गरगर फिरू लागली की धावपट्टीवाचून यंत्र सरळ वर उचलले जाई. पोटात गोळा आला नसेल असे कोण म्हणेल? परंतु मला वाटते, भीतीपेक्षाही मोठे ओझे त्यांच्या मनावर होते. ज्या देशाच्या शांततेसाठी आपण घरदार सोडून आलो, त्याच देशाने आपल्या तोंडावर दार लावले, हे ते ओझे.

त्या अपमानाचे उत्तर त्यांनी कसे दिले? आपल्या कामाने. पट्ट्यात त्यांनी तंबू ठोकले व आपल्या वस्तीचे नाव ठेविले हिंदनगर. सप्टेंबर संपता संपता संतप्त कैद्यांनी एका भारतीय मेजरला पकडून कुंपणाआड ओढून नेले. तेव्हा स्वतः थोरात मोजक्या साथीदारांनिशी त्या जमावात शिरले, शांतपणे बोलले, व एकही गोळी न झाडता त्या अधिकाऱ्यास सोडवून आले. सर्वच प्रसंग असे निभावले नाहीत. ऑक्टोबरच्या आरंभी दंगलीत गोळीबार करावा लागला व काही कैदी प्राणांस मुकले. हेही लपविता कामा नये. तरीही जानेवारी १९५४ पर्यंत आपल्या फौजेने तो सांभाळ पार पाडला. ज्या ८८ कैद्यांनी दोन्हीकडे जाण्याचे नाकारून तिसऱ्याच देशाची वाट धरली, त्यांना आपली फौज परत येताना स्वतःबरोबर भारतात घेऊन आली. ज्यांना पाय ठेवू दिला नव्हता, त्यांनीच निराश्रितांना आपल्या दारात घेतले!

वाचकहो, आपल्यापैकी कित्येक कुटुंबे पोटासाठी मुलूख सोडून या बाजूस आली आहेत. 'बाहेरच्यांना खोली देत नाही' हे शब्द ऐकून भर उन्हात मुलांसह परत फिरणे काय असते, हे आपणांस सांगावयास नको. अशा वेळी मन कडू होते, आणि पुढे आपली स्वतःची ओसरी झाली की तोच कडवटपणा नव्याने आलेल्याच्या वाट्यास जातो. माझ्या पाहण्यात असे घडले आहे, म्हणून लिहितो.

त्या मुलाला मी सांगितले, "होय बाळ, साहेबांनाही भीती वाटली असेल. पण उतरल्यावर ते रागावून बसले नाहीत, कामाला लागले."

तो क्षणभर विचारात पडला आणि म्हणाला, "मग त्या ८८ जणांना इथे खोली कुणी दिली?"

या प्रश्नाचे उत्तर आपण प्रत्येकाने आपापल्या दारापाशी द्यावयाचे आहे.