कॉन्ट्रातली झाडं हलतात का?

वर, वर, खाली, खाली, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे, बी, ए. हे वाचताना तुमचा अंगठा आपोआप हलला असेल, तर तुमच्या घरात नव्वदच्या दशकात वाढलेला एखादा दादा, काका नाहीतर मामा नक्की आहे. मागच्या महिन्यात चंद्रपूरला मामाकडे गेले, तेव्हा दिवाणात गाद्यांखालून त्याचा जुना टीव्ही गेम निघाला. कार्ट्रिजला फुंकर मारली (याने काही होत नाही म्हणतात, पण मारल्याशिवाय राहवत नाही), पिवळी पिन टीव्हीत खुपसली आणि कॉन्ट्रा सुरू!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडी कुंडली. कोनामी या जपानी कंपनीने १९८७ मध्ये कॉन्ट्रा आधी आर्केडसाठी काढला. युरोपात तो स्पेक्ट्रम, कमोडोर अशा घरगुती कॉम्प्युटरवर 'ग्रायझर' या नावाने गेला. १९८८ मध्ये तो निन्टेंडोच्या यंत्रावर आला. त्या यंत्राचं जपानमधलं नावच 'फॅमिली कॉम्प्युटर' होतं. आपल्याकडे घराघरात पोचल्या त्या त्याच्या स्वस्त नकला. आणि तो वरचा कोड? तो काझुहिसा हाशिमोतो या प्रोग्रामरने ग्रॅडियस नावाच्या विमानाच्या गेमसाठी बनवला होता. तपासताना तो गेम त्याला स्वतःलाच जमेना, म्हणून! कॉन्ट्रामध्ये त्याच कोडने तीनाच्या तीस लाइफ होतात.

गेम आजही भारी आहे, यात वादच नाही. एक गोळी लागली की एक लाइफ गेली. मध्येच जाहिरात नाही, पैसे भरून बंदूक घ्यायची सोय नाही. 'एस' मिळाला की राजा, मेलात की तो पण गेला. दोघं एकाच सोफ्यावर बसून खेळता, आणि धबधब्याच्या लेव्हलला एक जण घाईने वर चढला की मागे राहिलेला स्क्रीनबाहेर पडून मरतो. मामाने मला दोनदा असं मारलं. वर म्हणतो, "हळू काहून चढतेस बे?"

पण मला लिहायचंय ते पहिल्या लेव्हलबद्दल. तिचं नाव जंगल. मी धानोऱ्याची आहे, गडचिरोली जिल्ह्यातली. लहानपणी ती लेव्हल मी शेकडो वेळा पार केली असेल, पण जंगलाकडे कधी बघितलं नाही. या वेळी बघितलं. त्यात एक पाखरू नाही. गाव नाही, पायवाट नाही. जे हलतं ते शत्रू, त्याला उडवायचं. पूल ओलांडताना पायाखालीच फुटतो. आणि स्क्रीन फक्त उजवीकडे सरकते, मागे परत जाता येत नाही.

मूळ कथेत हे सगळं २६३३ साली न्यूझीलंडजवळच्या एका काल्पनिक बेटसमूहावर घडतं. अमेरिकेत विकताना त्यांनी ते उचलून दक्षिण अमेरिकेच्या जंगलात, आजच्या काळात नेलं. युरोपात, जर्मनीतल्या हिंसाचाराबद्दलच्या कडक नियमांमुळे, माणसांचे रोबो केले आणि नाव ठेवलं 'प्रोबोटेक्टर'. गंमत बघा, देश बदलला, साल बदललं, माणसांची यंत्रं झाली, जंगल मात्र तेच चाललं. पडद्यालाच काय, कुठलंही चालतं.

नागपूरला होस्टेलमध्ये पहिल्याच दिवशी मला विचारलं होतं, "गडचिरोलीची? नक्षलवादी दिसतात का गं तिकडे?" तुम्हालाही विचारलं असेल. चिडायचा हक्क मात्र मला फारसा नाही. कारण इंटर्न म्हणून डेस्कवर बसल्यावर पहिल्या आठवड्यात मी तेच केलं. तेंदूपानं तोडायला गेलेल्या एका बाईचा वाघाच्या हल्ल्यात मृत्यू, ऐंशी शब्द. ती पहाटेच का निघाली होती, शंभर पुड्यांना किती मिळतात, तेवढ्या पैशांवर घरातलं काय काय अवलंबून असतं, यातलं काहीच मी विचारलं नाही. 'जंगलात' हा एक शब्द टाकला आणि उजवीकडे सरकले. चकमकीच्या बातम्यांचंही तेच. बातमी गोळीबाराने सुरू होते आणि गोळीबाराबरोबर संपते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा मोठा नेता भूपती याने साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली. चांगलंच झालं. पण माझ्या मनात लगेच आलं, की आता गोळीबारच कमी झाला तर आमच्या जिल्ह्याची बातमी होणार कशाची? आमच्या धानोऱ्याजवळच्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचं पासबुक ग्रामसभेच्या हातात आलं आणि गाव स्वतः बांबू विकू लागलं. मास कॉमच्या तीन वर्षांत हे मला कुणी शिकवलं नाही, हे ठीक. पण मी तिथून सायकलच्या अंतरावर वाढले आणि मीही कधी विचारलं नाही!

आता शीर्षकातला प्रश्न. मामाच्या कार्ट्रिजवर झाडं हलत नाहीत, अगदी चित्रासारखी उभी. घरी येऊन मी मूळ जपानी आवृत्तीचा व्हिडिओ लावला. तिच्या कार्ट्रिजमध्ये वेगळी चिप होती, आणि तिच्यामुळे पहिल्या लेव्हलला झाडं वाऱ्याने डोलतात. अमेरिकेच्या आवृत्तीत चिप बदलली आणि हे डोलणं गेलं. खेळात काहीच फरक पडत नाही; शत्रू तेवढेच, गोळ्या तेवढ्याच. तरी मी तो व्हिडिओ थांबवून थांबवून चारदा पाहिला.

मार्चमध्ये आजीबरोबर मोह वेचायला जातेय. ती अंधारातच निघते, कारण फुलं पहाटे गळतात. डेस्कवर त्यासाठी चारशे शब्द मागितलेत. उत्तर आलंय, "घटना काय आहे त्यात?" दोनशेवर तोडगा निघेल असं वाटतंय.