ड्रोन फक्त फोटो काढतो, नकाशा सॉफ्टवेअर बनवतं. मग ते निवडताना काय बघायचं?

"उद्या ड्रोन मोजणी आहे, आपापल्या हद्दीवर चुना मारून घ्या."

गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातल्या हजारो गावांमध्ये असा निरोप फिरला. ठरल्या दिवशी ड्रोन येतो, गावठाणावरून चकरा मारतो आणि निघून जातो. काही महिन्यांनी घराघराचा नकाशा समोर येतो. मग चावडीवर चर्चा सुरू होते. ड्रोननं आमची पडवी कमी दाखवली, ड्रोननं बोळ शेजाऱ्याला दिला.

पण यात ड्रोनचा वाटा फक्त फोटो काढण्यापुरता असतो. त्या शेकडो फोटोंमधून नकाशा तयार करतं ते सॉफ्टवेअर. आणि हे सॉफ्टवेअर कोणतं आहे, ते कसं वापरलं, यावर नकाशा किती खरा हे बऱ्याच अंशी ठरतं.

केंद्र सरकारनं २४ एप्रिल २०२० रोजी स्वामित्व योजना सुरू केली. त्याआधीच पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात गावठाणाच्या ड्रोन मोजणीचा प्रयोग झाला होता. १८ जानेवारी २०२५ रोजी तर देशभरात एकाच दिवशी ६५ लाखांहून जास्त मालमत्ता पत्रकं वाटली गेली. या योजनेत सॉफ्टवेअर काय वापरायचं, हे सर्व्हे ऑफ इंडिया आणि सरकारी यंत्रणा ठरवतात.

पण योजनेबाहेर शेतकरी उत्पादक कंपन्या, खाणपट्टेवाले, बिल्डर, सल्लागार आणि ड्रोनचा व्यवसाय सुरू करणारी तरुण मुलं, या सगळ्यांना सॉफ्टवेअर स्वतःच निवडावं लागतं. तिथे चूक झाली तर पैसे जातात आणि कधी कधी भांडणही लागतं.

फोटोंचा नकाशा होतो कसा?

ड्रोन एका ठरावीक उंचीवरून, नांगराच्या तासांसारख्या समांतर रेषांमध्ये उडतो. प्रत्येक फोटो आधीच्या फोटोवर साधारण ७० ते ८० टक्के चढलेला असतो. म्हणजे विहिरीचा एकच कठडा पाच-सात फोटोंमध्ये वेगवेगळ्या कोनांतून येतो.

सॉफ्टवेअर हे समान बिंदू शोधतं. कोणत्या फोटोच्या वेळी कॅमेरा कुठे होता आणि कुठे वळलेला होता, याचं गणित मांडतं. त्यातून जमिनीचं आणि इमारतींचं थ्रीडी रूप तयार होतं. मग त्या चढउतारांचा हिशोब धरून सगळे फोटो सरळ केले जातात आणि एकच मोठा, मोजता येणारा फोटो बनतो. याला ऑर्थोमोझॅक म्हणतात. या शास्त्राचं नाव फोटोग्रामेट्री.

गणित समान बिंदूंवर चालतं, म्हणून जिथे बिंदू सापडत नाहीत तिथे ते अडतं. तळ्याचं पाणी किंवा वाऱ्यावर डोलणारा दाट ऊस असेल तर कोणत्याही कंपनीचं सॉफ्टवेअर धडपडतं. "आमच्या सॉफ्टवेअरला काहीही चालतं" असं कोणी सांगितलं, तर तिथेच सावध व्हायला हवं.

चकचकीत नकाशा म्हणजे अचूक नकाशा नव्हे

सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. विक्रेता सांगतो, "साहेब, तीन सेंटीमीटरचा नकाशा आहे." याचा अर्थ फक्त इतकाच, की फोटोतला एक ठिपका जमिनीवरच्या तीन सेंटीमीटरएवढा आहे. नकाशावरचं घर तीन सेंटीमीटरच्या आत खऱ्या जागी आहे, असा त्याचा अर्थ नाही.

साध्या ड्रोनचं जीपीएस काही मीटर चुकू शकतं. मग नकाशा दिसायला सुंदर, पण अख्खाच्या अख्खा दोन-तीन मीटर सरकलेला. तो जुन्या गट नकाशावर ठेवला, की एकाचा गोठा दुसऱ्याच्या गटात दिसतो.

यावर उपाय म्हणजे जमिनीवरचे नियंत्रण बिंदू. उडवण्याआधी जमिनीवर ठळक खुणा करायच्या, त्यांची जागा अचूक उपकरणानं मोजायची आणि सॉफ्टवेअरला ती सांगायची. आरटीके असलेल्या ड्रोनला असे बिंदू कमी लागतात, पण तपासणीसाठी काही बिंदू ठेवावेच लागतात. हे तपासणीचे बिंदू गणितात वापरायचे नाहीत. नकाशा तयार झाल्यावर ते किती चुकले, एवढंच बघायचं.

म्हणून पहिली कसोटी अशी, की सॉफ्टवेअर नियंत्रण बिंदू घेतं का? तपासणीचे बिंदू वेगळे ठेवता येतात का? आणि शेवटी चूक किती राहिली, याचा अहवाल देतं का?

अजून एक गोष्ट महाराष्ट्रात विशेष लक्षात ठेवावी लागते. नकाशासाठी पृथ्वीचे जे पट्टे पाडले आहेत, त्यातले ४३ आणि ४४ असे दोन पट्टे राज्यात येतात. मुंबई-पुणे ४३ मध्ये, नागपूर-चंद्रपूर ४४ मध्ये. पट्टा चुकीचा निवडला, तर नकाशा भलत्याच ठिकाणी जाऊन बसतो.

छप्पर दिसतं, भिंत दिसत नाही

ड्रोन वरून बघतो. त्याला कौलं आणि पत्रे दिसतात, त्याखालची भिंत दिसत नाही. वळचण दीड-दोन फूट पुढे आली असेल, तर नकाशावर घर तेवढं मोठं दिसतं. दोन घरांमधला बोळ अरुंद असेल, तर तो जवळपास नाहीसाच होतो. कोकणात तर माड, आंबा आणि फणसाखाली अर्धं घर झाकलेलं असतं.

त्यात सॉफ्टवेअरनं उंचीचं गणित नीट केलं नसेल, तर उंच इमारतींची छपरं नकाशात एका बाजूला कललेली दिसतात.

म्हणूनच स्वामित्व योजनेत चुना मारणं, नंतर जागेवर जाऊन पडताळणी करणं आणि लोकांच्या हरकती ऐकणं हे टप्पे ठेवले आहेत. ते नुसते सोपस्कार नाहीत. सॉफ्टवेअरला जे दिसूच शकत नाही, ते माणसांनी तिथे सांगायचं असतं. खासगी ड्रोन नकाशाबद्दलही हेच. तो कितीही चांगला असला, तरी त्यानं अधिकृत हद्द ठरत नाही. त्यासाठी भूमी अभिलेख विभागाची प्रक्रियाच लागते.

बाजारात पर्याय कोणते?

आधी एक गोंधळ दूर करायला हवा. ड्रोननं कुठून कसं उडायचं हे ठरवणारं ॲप वेगळं आणि फोटोंवर प्रक्रिया करणारं सॉफ्टवेअर वेगळं. काही कंपन्या दोन्ही देतात, पण निवड करताना दोन्हींचा विचार स्वतंत्र करावा.

प्रक्रियेच्या सॉफ्टवेअरमध्ये काही नावं नेहमी समोर येतात.

पिक्सफोरडी ही स्वित्झर्लंडची कंपनी. सविस्तर गुणवत्ता अहवाल ही तिच्या सॉफ्टवेअरची ओळख.

मेटाशेप हे रशियातल्या ॲजिसॉफ्ट कंपनीचं. आधी याचं नाव फोटोस्कॅन होतं. याच्या दोन आवृत्त्या मिळतात आणि स्वस्त आवृत्ती बघून अनेक जण फसतात. नियंत्रण बिंदू आणि मोजणीचा नकाशा ही सोय महाग आवृत्तीतच आहे.

ड्रोनडिप्लॉय हे अमेरिकी. फोटो इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरवर चढवायचे, नकाशा तिथेच तयार होतो. आपला संगणक साधा असला तरी चालतं.

ओपनड्रोनमॅप आणि त्याचा सोपा चेहरा असलेलं वेबओडीएम हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर. म्हणजे त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला आहे आणि लायसन्सचा खर्च टाळता येतो. नियंत्रण बिंदू इथेही चालतात. मात्र बसवायला थोडी खटपट करावी लागते आणि संगणक दमदार लागतो. साधारण २५० फोटोंना १६ जीबी आणि ५०० फोटोंना ३२ जीबी रॅम धरावी लागते. लायसन्सचे वाचलेले पैसे संगणकात जाऊ शकतात.

फोटो जातात कुठे?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, पण कायद्याच्या दृष्टीनं तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे.

१५ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागानं नकाशांच्या माहितीबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यानुसार आडव्या अंतरात १ मीटर आणि उंचीत ३ मीटर ही मर्यादा ठरली. याहून जास्त अचूक माहिती फक्त भारतीय संस्थांनाच तयार करता येते. ती भारतातच साठवावी लागते आणि तिच्यावर प्रक्रियाही भारतातच करावी लागते.

सेंटीमीटरची अचूकता असलेला कोणताही ड्रोन नकाशा या मर्यादेत येतो. म्हणजे फोटो परदेशातल्या सर्व्हरवर चढवून नकाशा बनवला, तर काम करणारा अडचणीत येऊ शकतो. त्यामुळे सर्व्हर भारतात आहे का, हे कंपनीकडून लेखी घ्यावं. खात्री नसेल, तर स्वतःच्या संगणकावर चालणारं सॉफ्टवेअर घेणं बरं.

आणखी एक प्रश्न आहे. वर्गणी संपल्यावर नकाशाचं काय होणार? काही सेवांमध्ये नकाशा त्यांच्याच संकेतस्थळावर बघावा लागतो. तो जिओटिफसारख्या खुल्या स्वरूपात काढून घेता येत असेल, तर क्यूजीआयएससारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तो पुढेही वापरता येतो.

शेती आणि खाणीचा हिशोब वेगळा

पिकाचं आरोग्य दाखवणारा हिरवा-लाल नकाशा सध्या जोरात विकला जातो. त्यासाठीचा एनडीव्हीआय हा निर्देशांक काढायला, डोळ्यांना न दिसणारा निअर इन्फ्रारेड प्रकाश टिपणारा कॅमेरा लागतो. साध्या कॅमेऱ्याच्या फोटोंवरून सॉफ्टवेअर रंगीत नकाशा देतं, पण तो फक्त दिसणाऱ्या हिरवेपणाचा अंदाज असतो. त्यावर खताचा डोस ठरवणं धोक्याचं.

खाणीत किंवा मुरमाच्या ढिगात घनफळ मोजायचं असेल, तर तळ कुठे धरला यावर सगळं अवलंबून असतं. तळ थोडा खाली-वर धरला, की ब्रास बदलतात आणि ब्रास बदलले की पैसे बदलतात. तळ कसा धरला हे सॉफ्टवेअरनं उघड दाखवायला हवं.

मग निवडायचं कसं?

जाहिराती आणि यूट्यूबचे व्हिडिओ बघून ठरवण्यापेक्षा एक साधी चाचणी घेता येते. बहुतेक कंपन्या चाचणीसाठी काही दिवस सॉफ्टवेअर मोफत वापरू देतात. एकाच जागेचे शंभरेक फोटो दोन-तीन सॉफ्टवेअरमध्ये टाकायचे. जमिनीवर टेपनं मोजलेली चार-पाच अंतरं प्रत्येक नकाशाशी ताडून बघायची. त्यातून आतली मापं बरोबर आहेत का हे कळतं. नकाशा सरकला आहे का, हे मात्र तपासणीच्या बिंदूंवरूनच समजतं.

आणि ज्यांना सॉफ्टवेअर घ्यायचं नाही, पण ज्यांच्या घराचा किंवा शेताचा नकाशा दुसरं कोणी बनवून देतंय, त्यांनी तीन प्रश्न विचारावेत. चूक किती आहे, याचा अहवाल कुठे आहे? फोटो कुठे साठवले आहेत? आणि नकाशा घेऊन जागेवर कोणी येऊन बघितलं का? या तिन्हींची सरळ उत्तरं मिळेपर्यंत त्या नकाशावर सही न केलेलीच बरी.