थंड प्रकाश आणि यकृताचे तेल

नामकर्माच्या प्रकृती सांगताना जैन शास्त्रकारांनी ‘आतप’ आणि ‘उद्योत’ असे दोन स्वतंत्र भेद केले आहेत. सूर्यबिंबाचा उष्ण प्रकाश हा आतप. ज्या प्रकाशात उष्णता नाही, तो उद्योत. तत्त्वार्थसूत्रावरील ‘सर्वार्थसिद्धी’ या टीकेत आचार्य पूज्यपादांनी उद्योताच्या उदाहरणांत चंद्र आणि खद्योत, म्हणजे काजवा, यांचा निर्देश केला आहे. प्रकाश आणि उष्णता या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात, हे निरीक्षण त्या वर्गीकरणात स्पष्ट दिसते.

नंदुरबार जिल्ह्यातील वाचकास हे पाहण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. पावसाळ्याच्या तोंडावर सातपुड्याच्या दऱ्याखोऱ्यांत काजवे लुकलुकू लागतात. काजवा हाताच्या पाठीवर येऊन बसला, तरी चटका बसत नाही. त्याच्या शरीरातील ल्युसिफेरिन नावाच्या द्रव्याचा एका विकराच्या साहाय्याने प्राणवायूशी संयोग होतो आणि बाहेर पडणारी ऊर्जा प्रकाशाच्या रूपाने प्रकटते. उष्णता जवळजवळ नसतेच.

हाच थंड प्रकाश चतुरिंद्रिय काजव्याप्रमाणे समुद्रातील पंचेंद्रिय जलचरांतही आढळतो. न्यूझीलंडच्या पूर्वेस चॅथम राइज नावाचा समुद्रतळाचा उंचवटा आहे. तेथे जानेवारी २०२० मध्ये मिळालेल्या खोल समुद्रातील तीन जातींच्या शार्कांचा अभ्यास बेल्जियम व न्यूझीलंडच्या संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांतील ‘काइटफिन’ शार्क सुमारे १८० सेंटिमीटरपर्यंत वाढतो. स्वयंप्रकाशी पृष्ठवंशी प्राण्यांत तो आजवर ज्ञात असलेला सर्वांत मोठा प्राणी ठरला. दोनशे मीटरांखाली सूर्यप्रकाश अत्यंत क्षीण होतो. तेथे खालून वर पाहणाऱ्यास माशाची काळी सावली दिसू नये, म्हणून या शार्कांच्या पोटावरील असंख्य सूक्ष्म प्रकाशग्रंथी मंद निळसर उजेड देतात, असे संशोधक मानतात. काजव्याचा प्रकाश मज्जातंतूंच्या ताब्यात असतो. या शार्कांचा मुख्यतः संप्रेरकांच्या. मेलॅटोनिन या संप्रेरकाने तो उजळतो, तर दुसऱ्या एका संप्रेरकाने मंदावतो.

येथपर्यंत हा विषय कुतूहलाचा आहे. पुढे तो दुकानाच्या फळीपर्यंत येतो.

शार्कांना इतर अनेक माशांसारखी हवेची पिशवी नसते. पाण्यात तरंगून राहण्यासाठी त्यांचे यकृत मोठे असते आणि पाण्याहून हलक्या तेलाने भरलेले असते. या तेलातील एक प्रमुख घटक जपानी रसायनशास्त्रज्ञ मित्सुमारू त्सुजिमोतो यांनी १९०६ मध्ये शोधला. शार्कांच्या एका कुळाच्या नावावरून त्यास ‘स्क्वालीन’ हे नाव मिळाले. त्याचेच अधिक टिकाऊ रूप ‘स्क्वालेन’ या नावाने चेहऱ्याच्या मलमांत, तेलांत व ओठांच्या लालीत वापरले जाते. अटलांटिकमधील अझोर्स बेटांभोवती काइटफिन शार्कची मासेमारी अनेक वर्षे मुख्यतः याच तेलासाठी चालली. खोल पाण्यातील शार्क सावकाश वाढतात, उशिरा प्रजननक्षम होतात आणि मोजकीच पिल्ले देतात. त्यामुळे एकदा घटलेली संख्या लवकर भरून येत नाही. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने काइटफिन शार्कची नोंद ‘असुरक्षित’ या वर्गात केली आहे.

नंदुरबार समुद्रापासून दूर आहे. परंतु बाजारपेठेला किनारा नसतो. सौंदर्यप्रसाधनाच्या बाटलीवर घटकांच्या यादीत ‘स्क्वालेन’ एवढा एकच शब्द असतो. तो शार्कच्या यकृतातून आला की वनस्पतीतून, हे त्या शब्दावरून कळत नाही. रासायनिक दृष्ट्या दोन्ही एकच. कार्बनच्या समस्थानिकांच्या तपासणीवरून प्रयोगशाळेत मूळ ओळखता येते. दुकानदाराला डोळ्यांनी ते शक्य नाही.

अशा वेळी ‘आपण मारले नाही, केवळ विकले’ हा बचाव पुढे येतो. शास्त्राला तो मान्य नाही. हिंसा कृत, कारित आणि अनुमोदित अशी तीन प्रकारांनी घडते. कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांनी ‘योगशास्त्रा’त श्रावकास वर्ज्य असे पंधरा कर्मादान सांगितले. त्यांतील रसवाणिज्यात लोणी, मध व मद्य यांच्यासोबत वसा, म्हणजे प्राण्यांची चरबी, स्पष्टपणे गणली आहे. बाराव्या शतकातील आचार्यांपुढे सौंदर्यप्रसाधनांची बाटली नव्हती. तरीही प्राण्याच्या शरीरातून काढलेल्या स्निग्ध पदार्थाचा व्यापार श्रावकाने करावा काय, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी देऊन ठेवले आहे.

पर्यायही उपलब्ध आहेत. ऑलिव्ह तेलाच्या शुद्धीकरणातून स्क्वालीन मिळते. उपवासाला चालणाऱ्या राजगिऱ्याच्या तेलातही ते लक्षणीय प्रमाणात असते. शहादा परिसराच्या ओळखीच्या उसापासूनही आता स्क्वालेन तयार होते. मात्र त्यासाठी साखरेवर यीस्टची प्रक्रिया करावी लागते. सूक्ष्म जीवांच्या विराधनेचाही विचार करणारा श्रावक पहिल्या दोहोंकडे वळू शकेल. २००८ च्या सुमारास युरोपातील काही मोठ्या कंपन्यांनी शार्कचे स्क्वालीन सोडण्याचे जाहीर केले. ज्यांच्या परंपरेत कर्मादानाची संकल्पना नाही, त्यांनी हा निर्णय घेतला, ही गोष्ट जैन व्यापाऱ्याने लक्षात ठेवावी अशी आहे.

यासाठी मोठ्या चळवळीची गरज नाही. नवीन माल भरताना घाऊक व्यापाऱ्याकडे वा कंपनीकडे एकच लेखी विचारणा करावी : या मालातील स्क्वालेन वनस्पतिजन्य आहे काय? उत्तर आले, तर ते बिलासोबत जपून ठेवावे. न आले, तर तो माल न ठेवणेच योग्य. घरातील गृहिणीनेही दुकानात हाच प्रश्न विचारावा. ग्राहक विचारू लागला की व्यापारी विचारतो आणि व्यापारी विचारू लागला की कारखानदारास सांगावे लागते. मालाचा भाव, वजन आणि मुदत तपासण्याची सवय व्यापारी घराण्यांना पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्या यादीत मालाचे मूळ हा चौथा रकाना जोडावयाचा आहे.